साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर अवरक्त फोटोग्राफी: कामाच्या नोंदी

१० ऑक्टोबर

हाताशी दोन कॅमेरे आहेत. एक जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला), दुसरा अलीकडचा मिररलेस (बिनआरशाचा). या कामाला दिसणारा प्रकाश अडवून फक्त अवरक्त (इन्फ्रारेड) सोडणारा फिल्टर लागतो. त्यावर पैसे घालण्याआधी यांतला कोणता कॅमेरा अवरक्त प्रकाश सेन्सरपर्यंत पोचू देतो ते बघायचं होतं. त्याला टीव्हीचा रिमोट पुरतो. रिमोटच्या टोकाला असलेला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा प्रकाश सोडतो, तो डोळ्यांना दिसत नाही. खोलीत अंधार केला, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट दृश्य) चालू केला, रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबलं. जुन्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर जांभळट ठिपका लगेच लुकलुकला. मिररलेसवर काहीच दिसलं नाही. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० आणि ५ सेकंदांच्या एक्सपोजरला तिथे जेमतेम एक डाग उमटला.

सेन्सरचं सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपतं. तो अडवते सेन्सरपुढे बसवलेली काच, तिला हॉट मिरर म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यांत ही काच अवरक्त अडवण्यात जरा ढिली असायची. २००४ चा नीकॉन डी७० अवरक्त फोटो काढणाऱ्यांमध्ये अजून नावाजला जातो तो त्यामुळेच. पुढच्या पिढ्यांत ही काच कडक होत गेली, म्हणून या कामात नवा कॅमेरा म्हणजे चांगला कॅमेरा हे गणित चालत नाही.

एक सावधगिरी. रिमोट ९४० वर आहे आणि आपलं काम ७२० ते ८५० च्या पट्ट्यात. दोन कॅमेऱ्यांची तुलना करायला ही चाचणी चांगली. तिच्यावरून एक्सपोजरचा अंदाज बांधू नका. आणि कुठेच ठिपका दिसला नाही तर आधी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर रिमोट तपासा. सेल उतरलेला असू शकतो.

जुना डीएसएलआर पक्का केला.

१३ ऑक्टोबर

७२० नॅनोमीटरचा फिल्टर आला. होया आर७२ हा या पट्ट्यातला सगळ्यांत ओळखीचा. कोडॅकच्या फिल्टरांच्या जुन्या क्रमांकांत ८९बी म्हणतात तो साधारण याच जागी बसतो. माझ्या लेन्सच्या तोंडांचे व्यास ५२, ५८ आणि ६७ मिलिमीटर. फिल्टर ६७ चा घेतला आणि बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंगा (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या). रिंगा फिल्टरच्या मानाने फुकटच पडतात, आणि प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घेण्याचा खर्च वाचतो.

रात्री घरातच करून पाहिलं. ३० सेकंद, आयएसओ ८००, फोटो काळाकुट्ट. फिल्टर सदोष आहे असं वाटून तो परत पाठवण्याच्या बेतात होतो. मग टेबलावरचा जुना तारेचा बल्ब लावला आणि त्याच सेटिंगला अख्खी खोली दिसली. घरातले पांढरे एलईडी दिवे ७०० च्या पुढे जवळपास काहीच सोडत नाहीत. त्यांची सगळी वीज डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावर खर्च व्हावी अशीच त्यांची रचना असते. तारेच्या बल्बचं उलट, त्याच्या उजेडातला मोठा वाटा अवरक्तच. फिल्टर तपासायचा तर उन्हात तपासा किंवा तारेच्या बल्बखाली.

आणि हा फिल्टर डोळ्याला लावून सूर्याकडे कधीही पाहू नका. समोर अंधार दिसतो म्हणून बाहुली मोठी होते, आणि अवरक्त किरण मात्र थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पोचतात. इजा होताना दुखतसुद्धा नाही.

१५ ऑक्टोबर

पहिलं बाहेरचं काम. स्वच्छ ऊन, समोर झाडं, मागे निळं आकाश.

काळ्या फिल्टरमधून व्ह्यूफाइंडरला काही दिसत नाही, त्यामुळे क्रम ठरवून घ्यावा लागतो. ट्रायपॉड, फिल्टरशिवाय चौकट, फिल्टरशिवाय फोकस, मग फोकस मॅन्युअलवर आणि शेवटी फिल्टर. फिरवून बसवताना फोकसची रिंग हमखास हलते. किट लेन्समध्ये तर पुढचा भागच फोकसबरोबर फिरतो, म्हणून एका हाताने तो धरून ठेवायचा. दर चौकटीला हे सगळं नव्याने. सकाळ यातच गेली.

एक्सपोजर: फिल्टरशिवाय एफ/८ (हे लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर; आकडा मोठा तितकं ते बारीक), आयएसओ २०० ला कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने १/५०० सेकंद सांगितलं. फिल्टर लावल्यावर नीट उजेडाचा फोटो मिळाला तो ८ सेकंदांना. म्हणजे १२ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). हा आकडा प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा असतो, तो एकदा काढून वहीत लिहिला की पुढचे फोटो अंदाजाने मारावे लागत नाहीत.

फोटो घरी मोठे करून पाहिले. सगळेच्या सगळे गडद लाल. पानं वाऱ्याने पुसली गेली आहेत. आणि खालच्या बाजूला आडवा जांभळा पट्टा, जो समोर कुठेच नव्हता.

१६ ऑक्टोबर

पट्ट्याचं कारण सापडलं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून मागच्या बाजूने ऊन आत शिरत होतं. एरवी १/५०० ला ते कळतसुद्धा नाही. पण इथे पुढून येणारा प्रकाश १२ स्टॉपने कमी आणि शटर ८ सेकंद उघडं, त्यामुळे मागून आलेली तिरीपही भारी पडते. व्ह्यूफाइंडरवर काळी चिकटपट्टी लावली, पट्टा गेला. काही कॅमेऱ्यांच्या गळ्यात अडकवायच्या पट्ट्याला यासाठीच रबराचं झाकण दिलेलं असतं. लेन्स आणि कॅमेरा जोडतात तिथेही काळं कापड गुंडाळलं. त्याने फरक पडला की नाही सांगता येत नाही, पण ठेवलं आहे.

लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवलं तर ८ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून दुसरा फोटो घेतो आणि वजा करतो. वेळ दुप्पट. तरी चालूच ठेवा असं मी म्हणेन. उन्हात तापलेल्या जुन्या सेन्सरवर चमकते ठिपके फार येतात आणि नंतर एकेक पुसत बसणं त्याहून महागात पडतं.

१९ ऑक्टोबर

लालीचा प्रश्न. यात बरेच तास गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

फिल्टरमागे लाल चॅनल भरून वाहतो, हिरवा आणि निळा तळाशी राहतात. ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे रंगांचा तोल आपोआप जुळवण्याच्या सोयीला, ते पेलत नाही. उपाय सगळे सांगतात तोच: उन्हातलं हिरवं गवत चौकटभर घ्यायचं, फिल्टर लावूनच फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याच्या कस्टम व्हाइट बॅलन्सला तोच आधार म्हणून द्यायचा. माझ्या कॅमेऱ्याने तो विनातक्रार घेतला. मागच्या पडद्यावर गवत पांढरट, आकाश तपकिरी. जे हवं होतं तेच.

पण रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) लाइटरूम या फोटो-प्रोग्रॅममध्ये उघडली की पुन्हा लाल. टेम्परेचरचा स्लायडर २००० केल्व्हिनला जाऊन अडकतो, आणि आपल्याला लागतो तो आकडा त्याच्याही खाली. स्लायडर कितीही ओढा, लाली निघत नाही. वाट अशी आहे: अडोबीचा डीएनजी प्रोफाइल एडिटर मोफत मिळतो. रॉ फाइल डीएनजी (अडोबीचा रॉ प्रकार) करायची, तिथे उघडायची, कलर मॅट्रिक्सच्या पानावर टेम्परेचर पार तळाला न्यायचं आणि आपल्या कॅमेऱ्याच्या नावाचं प्रोफाइल काढायचं. लाइटरूम बंद करून परत उघडलं की ते यादीत येतं, आणि त्यानंतर २००० ते ३००० च्या मधे कुठेतरी गवत पांढरं होतं. हे एकदाच करावं लागतं, पण प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळं. हा खटाटोप नको असेल तर डार्कटेबल हा दुसरा प्रोग्रॅम वापरा. त्यात लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलचा गुणक वेगवेगळा हलवता येतो, आणि प्रोफाइलशिवायच काम होतं.

याच दिवशी लक्षात आलेली दुसरी गोष्ट हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं). एकत्रित हिस्टोग्राम मधोमध, सुखरूप दिसतो आणि लाल चॅनल मात्र उजव्या भिंतीला धडकून जळालेला असतो. तिन्ही चॅनलचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि फक्त लालकडे बघा. १५ तारखेचे निम्मे फोटो याच कारणाने टाकून द्यावे लागले. जळालेल्या पानांत पोत राहिलेला नव्हता.

२२ ऑक्टोबर

फोकस. फिल्टरशिवाय केलेला फोकस फिल्टर लावल्यावर थोडा चुकतो, कारण लेन्सचं भिंग अवरक्त किरणांना कमी वाकवतं आणि ते जरा मागे एकवटतात. जुन्या मॅन्युअल लेन्सवर फोकसच्या रेघेशेजारी लाल खूण किंवा आर हे अक्षर असायचं ते यासाठीच. नव्या लेन्सवर ती सोय राहिली नाही. मी किट लेन्सच्या रिंगेवर कागदी चिकटपट्टी लावली, दूरच्या झाडावर फोकस केला आणि रिंग जवळच्या अंतराकडे केसभर सरकवत फोटोंची मालिका काढली. सगळ्यांत शार्प फोटो मिळाला तिथे पेनाने रेघ. १८ मिमीला फरक जवळपास नाही, ५५ मिमीला चांगलाच आहे.

अ‍ॅपर्चर बारीक करून ही चूक झाकता येते, पण एफ/११ पर्यंतच. अवरक्ताची तरंगलांबी जास्त असल्यामुळे डिफ्रॅक्शनची (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याची) मऊपणाची अडचण नेहमीपेक्षा लवकर सुरू होते. एफ/१६ चे फोटो मला कुठेच शार्प मिळाले नाहीत.

२६ ऑक्टोबर

आजची नोंद या सगळ्यांत महत्त्वाची. कोणी एकच वाचणार असेल तर ही वाचावी.

माझी सगळ्यांत आवडती लेन्स ५० मिमी एफ/१.८. नेहमीच्या फोटोंना धारदार, हलकी, भरवशाची. आज तिच्यावर फिल्टर लावला आणि प्रत्येक फोटोच्या मधोमध एक फिकट गोल आला. ढगासारखा वाटला म्हणून दिशा बदलली, गोल तिथेच. हा हॉटस्पॉट.

मग नीट मोजून पाहिलं. उन्हातली मोकळी भिंत, एफ/२.८ पासून एफ/१६ पर्यंत एकेक स्टॉप, संगणकावर कॉन्ट्रास्ट मुद्दाम वाढवून. एफ/२.८ ला काही नाही. एफ/५.६ ला मध्यभाग हलकासा उजळ. एफ/८ ला कोणालाही दिसेल असा. एफ/११ ला कडा असलेली चकती, आणि एफ/१६ ला त्या चकतीला अ‍ॅपर्चरच्या पात्यांचे कोनही आले. म्हणजे फोकसची चूक झाकायला जितकं बारीक अ‍ॅपर्चर घ्यावं तितका हा डाग ठळक होत जातो.

भिंगांवरची कोटिंग दिसणाऱ्या प्रकाशासाठी बेतलेली असते, अवरक्तात ती तितकी काम करत नाही. नळीच्या आतला काळा रंगही अवरक्तात पुरेसा काळा असेलच असं नाही. सेन्सरवरून परत फिरलेला प्रकाश भिंगांवर आपटून पुन्हा मध्यभागी येतो. लेन्स महाग आहे की स्वस्त याच्याशी याचा संबंध नाही: माझी प्लास्टिकची १८-५५ किट लेन्स सगळ्या अ‍ॅपर्चरना स्वच्छ निघाली. मित्राकडची एक भारी झूम आणून लावली, ती एका टोकाला स्वच्छ आणि दुसऱ्या टोकाला डागाळलेली.

डाग संगणकावर काढता येतो का तेही पाहिलं. गोल मास्क लावून मध्यभाग उतरवला. कृष्णधवल फोटोत बऱ्यापैकी जमलं. रंगीत फोटोत उजेड सारखा झाला तरी रंगाची छटा वेगळी राहते, आणि ती आकाशात हमखास दिसते. प्रत्येक अ‍ॅपर्चरला मास्क वेगळा लागतो हा आणखी ताप. ५० मिमी या कामातून काढून टाकली.

म्हणून माझं ठाम मत: फिल्टर हाती आल्यावर सुंदर देखावे शोधू नका, आधी घरातल्या सगळ्या लेन्स भिंतीसमोर बसवा. या छंदात निवडायची ती लेन्स. कॅमेरा दुसऱ्या नंबरावर. अवरक्तासाठी नवी लेन्स विकत घ्यायचा विचार असेल तर आधी उसनी आणून हीच चाचणी करा.

२ नोव्हेंबर

रंगांचं काम. व्हाइट बॅलन्स बसल्यावर पानं पांढरी-निळसर आणि आकाश तपकिरी येतं. चॅनल मिक्सरमध्ये लाल आणि निळ्याची अदलाबदल करायची: लाल आउटपुटला लाल ०, निळा १००, निळ्या आउटपुटला निळा ०, लाल १००. हिरव्याला हात लावायचा नाही. आकाश निळं होतं आणि पानांवर फिका सोनेरी रंग चढतो. हे पहिल्यांदा पडद्यावर बदलताना पाहणं फार आनंदाचं होतं.

पानं पांढरी येतात ती त्यांच्या आतल्या रचनेमुळे. हरितद्रव्य अवरक्त शोषत नाही, आणि पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांवरून तो इतका विखुरतो की जवळपास निम्मा परत फिरतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी असे फोटो १९१० मध्ये प्रसिद्ध केले, त्यांच्या नावावरून याला वूड इफेक्ट म्हणतात. आकाशाचं उलट. हवेतलं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होत जातं. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याशी तुलना केली तर ८०० ला ते सुमारे दहावा भाग उरतं. म्हणून स्वच्छ आकाश काळपट, ढग कापसासारखे उठून, आणि दूरचे डोंगर धुरकटपणा जाऊन समोर येतात.

इथून एक व्यवहाराची गोष्ट निघते: ढगाळ दिवशी घरी थांबा. भरून आलेल्या आकाशाखाली पानं राखाडी येतात आणि एक्सपोजर मिनिटाकडे सरकतं. दुपारचं कडक ऊन, जे एरवी फोटोग्राफर टाळतो, ते इथे चांगलं लागतं.

मला स्वतःला कृष्णधवल जास्त पटलं. निळ्या-सोनेरी रंगांचं कौतुक काही फोटोंनंतर ओसरतं. काळ्या आकाशापुढचं पांढरं झाड मात्र पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. कृष्णधवल करताना लाल चॅनलच तेवढा ठेवा, बाकी दोघांत नॉइजच जास्त असतो.

९ नोव्हेंबर

फिल्टरच्या मर्यादा आता हाताला लागल्या आहेत. दगडी इमारत, तळं, वारा नसलेली सकाळ: छान. माणसं, प्राणी, वाऱ्यातली झाडं: अशक्य. ८ सेकंदांत माणूस पुसला जातो. आयएसओ १६०० ला १ सेकंद करून पाहिलं, पानं तरीही हलली आणि नॉइजने पोत गेला.

कॅमेऱ्याचं रूपांतर करून घ्यायचं ठरवलं. हॉट मिरर काढून त्याजागी ७२० ची काच बसवतात. स्वतः उघडायचा मोह होता, पण तो सोडला. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो टिकून राहतो. शिवाय नवी काच योग्य जाडीची नसेल किंवा सेन्सर केसभर तिरका बसला तर फोकस कायमचा जातो. हे काम नेहमी करणाऱ्या तंत्रज्ञाकडे दिलं. खर्च फिल्टरच्या कितीतरी पट, आणि तो कॅमेरा पुन्हा साध्या फोटोंना उपयोगाचा राहत नाही, हे आधीच मान्य करून द्यावा.

काच कोणती घ्यायची यावर बराच विचार केला. ५९० घेतली तर दिसणारा नारिंगी-लाल प्रकाशही आत येतो आणि रंग भडक मिळतात. ८३० किंवा ८५० ला रंग उरतच नाहीत, कारण सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे ठिपके तिथे तिघेही सारखेच पारदर्शक होतात. कृष्णधवल मात्र कडक मिळतं. ७२० मधली वाट आहे, आणि माझी प्रोफाइल, माझे आकडे सगळे ७२० चे. तीच सांगितली.

७ डिसेंबर

कॅमेरा परत आला. त्याच उन्हात एफ/८, आयएसओ २०० ला १/२५०. ट्रायपॉड बाजूला ठेवला. व्ह्यूफाइंडरमध्ये नेहमीसारखं दिसतं, कारण फिल्टर आता सेन्सरपुढे आहे, लेन्सपुढे नाही.

दोन गोष्टी मात्र नव्याने शिकाव्या लागल्या. व्ह्यूफाइंडरमधून केलेला ऑटोफोकस १८ मिमीला ठीक, ५५ ला चुकतो. डीएसएलआरचा फोकस मोजणारा भाग वेगळ्या जागी असतो आणि त्याला दिसणारा प्रकाश मिळतो; तंत्रज्ञाने एका लेन्सवर जुळवून दिलेलं दुसरीवर जुळेलच असं नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस सेन्सरवरूनच होतो, तो प्रत्येक वेळी अचूक आला. मिररलेस कॅमेऱ्यात रूपांतर केलं तर हा प्रश्नच येत नाही, आणि आज सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवीन.

दुसरं, मीटर. तोही दिसणारा प्रकाशच मोजतो. झाडी जास्त असली की फोटो जळतो, दगड-मातीचं दृश्य असलं की अंधारतो. लाइव्ह व्ह्यूमधला लाल हिस्टोग्राम बघून भरपाई करतो.

५० मिमी पुन्हा लावून पाहिली. एफ/८ ला गोल तसाच आला.

१४ डिसेंबर

माणसांचे फोटो, आता शटर वेगवान असल्यामुळे. त्वचा दुधासारखी गुळगुळीत येते, डाग-सुरकुत्या मावळतात, पण मनगटावरच्या शिरा उठून दिसतात आणि डोळे गडद येतात. काळे कपडे फसवे: एकच काळा दिसणारा सदरा आणि पँट, फोटोत सदरा करडा आणि पँट जवळजवळ पांढरी. काही रंग अवरक्तात पारदर्शक असतात, आणि कोणते ते कॅमेऱ्यासमोर आणल्याशिवाय कळत नाही. समोरून ऊन असलं की फ्लेअर (लेन्समध्ये पसरलेल्या उन्हाचा उजळपणा) नेहमीपेक्षा जास्त येतो, लेन्सवरचं हूड आता काढतच नाही.

८५० चा फिल्टर उसना मिळाला, तो किट लेन्सवर लावला. ७२० च्या कॅमेऱ्यावर त्याहून खोलवरचा फिल्टर चालतो. ५९० चा लावून उपयोग नाही, कारण तो जो जास्तीचा प्रकाश सोडेल तो आतली काच अडवतेच. ८५० ने आकाश आणखी काळं झालं, शटर १/६० वर आलं, हातात धरून १८ मिमीला अजून चालतंय. लेन्सची भिंतीसमोरची चाचणी ८५० वर पुन्हा करावी लागणार: ७२० ला स्वच्छ असलेल्या किट लेन्सने एफ/११ ला मध्यभागी हलकी उजळी दाखवली आहे. एफ/८ ला ती नाही, तोवर एफ/८ वरच काम चालू.